पोई

"काका, पोई टाकू या. लाइटचं टेन्शनच नाही," नेटवाला पोरगा म्हणाला आणि आमचे हे एकदम खूश झाले. चैत्र चालू होता. फाटकापाशी पेरूच्या सावलीत एक रांजण ठेवावा, वर ओलं फडकं, शेजारी पितळी ओगराळं, येणाऱ्या-जाणाऱ्याने घोटभर पाणी प्यावं, हे यांच्या मनात बरीच वर्षं आहे. "टाक की," हे म्हणाले, "पण रोज पाणी कोण भरणार?"

पोरगा यांच्याकडे बघत राहिला. हे पोराकडे. मी कणकेचे हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून दोघांकडे.

विषय पाण्याचा नव्हताच, कॅमेऱ्याचा होता. साताऱ्याच्या थोडं बाहेर आमचं घर आहे. जागा अरुंद आणि लांबलचक. घर पार मागे, फाटक पार पुढे, मधे विहीर, आंबा, पेरू आणि एके काळी गोठा होता ती शेड. कुंपणाच्या भिंतीच्या कडेकडेने वायर नेली तर ६० मीटर भरते. मुलगा पुण्यात असतो. फाटकावर कॅमेरा हवाच, हा त्याचा दोन वर्षांचा हट्ट. चोराने न्यावं असं आपल्या घरात आहे काय, हे यांचं म्हणणं. ते चोराला आधी कसं कळणार, हे मुलाचं म्हणणं. यावर यांना उत्तर सुचलं नाही आणि कॅमेरा आला.

आला, आणि गाडं अडलं लाइटवर. आमच्याकडे विजेला लाइट म्हणतात. लाइट जाते, लाइट येते, लाइटचं बिल येतं, विहिरीवरच्या मोटरीलाही लाइटच लागते. मी ३० वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. वर्गात 'विद्युतधारा' म्हणायचे आणि घरात पाऊल टाकताच 'लाइट आहे का' विचारायचे. तर फाटकाजवळ लाइट नाही. जुन्या वायरमनला बोलावलं. तो अंगणभर फिरला, विहिरीत डोकावला, एक विडी संपवली आणि म्हणाला, "बाई, लाइट न्यायची म्हणजे चर खणावा लागंल. पाइप, जॉइंट, वर बॉक्स. आणि पावसाळ्यात पाणी शिरलं तर फाटकाला हात लावणाऱ्याचं काय सांगता येत नाही." फाटकाला रोज पहिला हात लावतो दूधवाला. त्याचा विचार करून आम्ही गप्प बसलो.

त्यावर पोराने काढलेला तोडगा म्हणजे ही पोई. पॉवर ओव्हर इथरनेट. त्याची आद्याक्षरं पी, ओ, ई. दिवसाला दहा घरं करणाऱ्याच्या तोंडात त्यांची पोई होते. कॅमेऱ्याचं चित्र ज्या वायरीतून घरात येतं, त्याच वायरीतून घरची लाइट कॅमेऱ्याकडे जाते. वेगळा प्लग नको, चर नको, वायरमन नको. हे शेवटचं तो वायरमनसमोरच बोलला.

हे आयुष्यभर बँकेत होते. एकाच खिडकीवर पैसे भरतातही आणि काढतातही, त्यामुळे कल्पना त्यांना अगदीच परकी नव्हती. तरी त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "एकाच नळातून पाणी पण आणि गॅस पण, असं असतं का कुठं? फसवतोय का आपल्याला?"

माझीही पंचाईत झाली. इथरनेट हा शब्द माझ्या काळच्या पाठ्यपुस्तकात नव्हता. इथर मात्र मला माहीत होता. सगळं विश्व इथर नावाच्या अदृश्य पदार्थाने भरलंय आणि प्रकाश त्यातून लाटांसारखा येतो, असं एकोणिसाव्या शतकातले मोठमोठे शास्त्रज्ञ मानत. १८८७मध्ये मायकेलसन आणि मॉर्ले या दोघांनी तो शोधायचा कसून प्रयत्न केला आणि त्यांना काहीही सापडलं नाही. पुढे १९७३च्या मे महिन्यात अमेरिकेत, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात, रॉबर्ट मेटकाफ यांनी संगणकांना जोडणाऱ्या तारेबद्दल एक टिपण लिहिलं आणि त्या व्यवस्थेला याच इथरचं नाव दिलं. नसलेल्या पदार्थाचं नाव असलेल्या तारेला. आमच्याकडे वारलेल्या आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यातलाच प्रकार म्हणायचा.

पोरगा पायरीवर मांडी घालून बसला. राखाडी वायरीचं टोक त्याने अंगठ्याच्या नखाएवढ्या पात्याने गोल कापलं, साल ओढून काढली, आणि आतून आठ बारीक तारा निघाल्या. दोन-दोन तारांना एकमेकींभोवती पीळ दिलेला. अशा चार जोड्या. मी चष्मा लावून जवळ बसले. तारेला तारेभोवती पिळायची युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलची, १८८१च्या पेटंटमधली. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि पलीकडे वजाबाकीत निघून जातो. पण मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळा होता. नारंगीचा घट्ट, तपकिरीचा सैल, निळी-हिरवी त्यांच्या अधेमधे. सगळ्यांचा पीळ सारखा असता तर एका जोडीचं बोलणं शेजारच्या जोडीला ऐकू गेलं असतं. माझं लग्न झालं तेव्हा या घरात चार जोडपी नांदत होती आणि मधल्या भिंती होत्या कुडाच्या. प्रत्येक जोडप्याचा पीळ निराळा असल्यामुळेच ती वर्षं निभावली, हे मला त्या दिवशी पायरीवर बसल्या बसल्या कळलं. माझा आणि यांचा पीळ कितीचा, हे मी इथे सांगत नाही.

"ऑरेंज व्हाइट, ऑरेंज, ग्रीन व्हाइट, ब्लू, ब्लू व्हाइट, ग्रीन, ब्राउन व्हाइट, ब्राउन," पोरगा पाढ्यासारखं पुटपुटत तारा ओळीत लावत होता. पाढा ऐकला की माझा कान आपोआप चूक शोधायला लागतो. चूक नव्हती, पण एक अन्याय होता. बाकी तीन जोड्या शेजारी-शेजारी बसतात, हिरवी तेवढी फुटते. तिच्या दोन तारांच्या मधे निळी जोडी ऐसपैस बसते. गर्दीच्या एसटीत नवराबायकोला अशाच जागा मिळतात. मग त्याने सगळ्यांना प्लास्टिकच्या पारदर्शक जॅकमध्ये सारलं, पकडीने दाबलं, कट्ट आवाज झाला.

(असल्या गोष्टींत पुढे तो मुलगा आपलाच जुना विद्यार्थी निघतो आणि वाकून नमस्कार करतो. हा निघाला नाही. दुसऱ्या शाळेचा होता.)

त्याने जो जोडणीचा संच आणला होता त्यात कामाची सरळ वाटणी होती. नारंगी आणि हिरवी जोडी चित्राला. निळी आणि तपकिरी जोडी लाइटला. घरात १२ व्होल्टचा अडॅप्टर निळ्या-तपकिरीत खुपसायचा, फाटकापाशी त्या दोघी वेगळ्या काढून कॅमेऱ्याच्या मागे खुपसायच्या. हे ऐकून यांचं समाधान झालं. वाटणी झाली की भांडण नाही, असं बँकेतल्या माणसाला वाटतं. संध्याकाळपर्यंत टीव्हीवर फाटक दिसायला लागलं. फाटकाबाहेरून दूधवाल्याची म्हैस गेली. मुलाने पुण्यातून तीच म्हैस बघितली आणि फोन करून सांगितलं की म्हैस गेली.

दिवेलागणीला चित्र गेलं.

दोन मिनिटांनी आलं. परत गेलं. रात्रभर हाच खेळ. सकाळी उजाडलं की कॅमेरा शहाण्यासारखा चालू, अंधार पडला की बंद, चालू, बंद. चौथ्या दिवशी यांनी निदान केलं: "याला रातांधळेपणा आहे. गाजर द्या." पोरगा येऊन कॅमेरा बदलून गेला. नवीन कॅमेराही रातांधळा. मग अडॅप्टर बदलला. मग जॅक. बिचारा तीन वेळा त्या शिडीवर चढला, आणि तिन्ही वेळा दिवसाउजेडी, त्यामुळे तिन्ही वेळा सगळं ठणठणीत.

तिसऱ्या वेळी त्याने कापून टाकलेला वायरीचा तुकडा मी उचलला आणि आत जाऊन ब्लेडने एका तारेचं टोक खरवडलं. वरचा तांब्याचा रंग निघाला, खाली पांढरं. ॲल्युमिनियम! तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, आणि ते दोऱ्यासारखं बारीक. चांदीच्या भांड्याखाली पितळ निघावं तसा माझा चेहरा झाला असणार, कारण हे म्हणाले, "काय, मुंग्या लागल्या का वायरीला?"

वायरमनला मीटर घेऊन बोलावलं. पोरगा रडकुंडीला आल्यामुळे वायरमन आनंदाने आला. लाइटच्या जोड्यांचा जाऊन-येऊन रोध भरला ८ ओहम. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं ६ वॉट. तेवढी लाइट तो रात्री खातो, कारण अंधार पडला की तो आपले इन्फ्रारेड दिवे लावतो. दिवसा त्याचं जेमतेम अडीच वॉटवर भागतं. मी कॅलेंडरच्या पाठीमागे, दुधाच्या हिशोबाखाली, दहावीचं गणित मांडलं. दिवसा धारा ०.२ अँपिअर, गुणिले ८, वाटेत गळतात १.६ व्होल्ट, फाटकाशी पोचतात दहाच्या वर. चालतं. रात्री धारा ०.५, गुणिले ८, गळतात ४ व्होल्ट, पोचतात ८. कॅमेऱ्याला घेरी येते, तो पडतो. पडला की दिवे बंद, दिवे बंद की धारा कमी, धारा कमी की व्होल्ट वर, कॅमेरा शुद्धीवर. शुद्धीवर आला की अंधार दिसतो, अंधार दिसला की दिवे लावतो.

३० वर्षं फळ्यावर ज्यूलचा नियम लिहिला. धारेचा वर्ग गुणिले रोध गुणिले वेळ. मुलं घोकत, मार्क मिळवत, विसरून जात. खरं सांगायचं तर मीही तो घोकलेलाच होता. फाटकावर तो असा डोळे मिटत-उघडत बसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

यावरचा उपाय कोयनेने आमच्या जिल्ह्याला कधीच शिकवला आहे. कोयनेची वीज लांब पाठवायची तर दाब वाढवून पाठवतात. दाब चौपट केला की तेवढ्याच शक्तीला धारा चौथाई पुरते, आणि वाटेतली गळती सोळावा हिस्सा होते. आमचा हिशोब: १२ व्होल्टला ६ वॉटसाठी अर्धा अँपिअर, गळती २ वॉट. ४८ व्होल्टला अष्टमांश अँपिअर, गळती अष्टमांश वॉट. खरी पोई ४८ व्होल्टची असते, असं पोराने तेव्हा सांगितलं. "मग आधी का नाही आणलीस?" तर म्हणाला, "काकू, तुम्ही स्वस्तातलं म्हणालात." मी यांच्याकडे बघितलं. हे विहिरीकडे बघत होते.

४८ व्होल्टला ती मुलाम्याची वायरही कदाचित चालून गेली असती. पण एकदा ब्लेडने खरवडून बघितल्यावर ती घरात ठेववेना. अस्सल तांब्याची आणायला लावली. तुमच्याकडे कोणी वायर ओढायला आला तर टोक खरवडून बघा. एवढंच सांगते, पुढे तुमची मर्जी.

आता त्या खऱ्या पोईविषयी. घरात एक लहान डबा आला, त्याला स्विच म्हणतात. बटण नसलेल्या डब्याला स्विच का म्हणतात ते विचारू नका. मला वाटलं, ४८ व्होल्ट म्हणजे हा डबा आपल्या चारही तोंडांतून सदोदित ४८ व्होल्ट ओकत असणार. तसं अजिबात नाही. रिकाम्या तोंडावर हा काहीच वाढत नाही. वायर जोडली की आधी चाचपतो. दहा व्होल्टच्या आतला, कोणाला चटका बसणार नाही असा किंचित दाब लावून बघतो, की समोर कोण आहे. ज्याला त्याच्याकडून लाइट हवी त्याने आपल्या पोटात २५ हजार ओहमचा एक रोधक ठेवलेला असतो. १९ ते साडेसव्वीस हजारांच्या दरम्यान उत्तर आलं तर ठीक. नाहीतर हा हात आखडता घेतो. आणि एकदा बघून थांबत नाही, वेगळा दाब लावून पुन्हा बघतो. दोनदा खात्री. मग आणखी थोडा दाब वाढवून विचारतो, की लागणार किती? यंत्र आपली इयत्ता सांगतं. पहिलीतल्याला पावणेचार वॉटच्या किंचित वर, दुसरीतल्याला साडेसहापर्यंत, तिसरीतल्याला जवळजवळ १३. आमचा कॅमेरा दुसरीत आहे. एवढं झाल्यावर मग ४८ व्होल्ट.

म्हणजे यांना ऐकू आलं तेच बरोबर होतं. ही पाणपोईच आहे. लहानपणी आमच्या गावच्या वाटेवर चैत्रात पोई लागायची. गवताचं छप्पर, जमिनीत निम्मे पुरलेले तीन रांजण आणि एक म्हातारा. त्याला कोणी 'पाणी द्या' म्हणत नसे. वाटसरू यायचा, वाकायचा, दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी धरायचा, की ओगराळ्यातून धार सुरू. ओंजळ नाही तर धार नाही. नुसता सावलीला बसलेल्याच्या अंगावर म्हातारा पाणी ओतायचा नाही. आणि पिणाऱ्याने मान हलवली की त्याच क्षणी धार बंद, एक थेंब वाया नाही. हे शेवटचंसुद्धा स्विच पाळतो. समोरच्याने घेणं थांबवलं, धारा १० मिलिअँपिअरच्याही खाली गेली आणि साधारण ०.४ सेकंद तशीच राहिली, की हा समजतो पिणारा उठला, आणि लाइट बंद करतो. वायर उपटून हातात धरली तरी तिच्यात काही नसतं. शिवाय दाब कधीही ५७ व्होल्टच्या वर जाऊ द्यायचा नाही असं बंधन आहे, कारण ६०च्या आतला दाब माणसाला धोक्याचा मानत नाहीत. दूधवाला सुरक्षित.

आमच्या सासूबाईंची वाढण्याची रीत याच्या नेमकी उलटी. 'नको' म्हणणाऱ्याच्या पानात पुरणपोळी पडायची, हात आडवा धरला तर हातावर पडायची, आणि खरोखर भूक असलेला लाजरा पाहुणा अर्धपोटी उठायचा. तशी रीत असणारे डबेही बाजारात मिळतात. समोर कोण, त्याला झेपेल किती, काही न विचारता २४ नाहीतर ४८ व्होल्ट सोडून देणारे. त्यातला एक पोराकडच्या पिशवीत होता. यांनी 'बघू तरी' म्हणून आमचा जुना राऊटर त्याला जोडला. उदबत्ती विझल्यावर येतो तसा धूर आला. तो राऊटर आता ढापे उघडून मी शेजारच्या मुलांना दाखवते.

वाटणीचा मुद्दा मात्र परत निघाला, कारण नव्या डब्यात वाटणी नव्हती. ज्या नारंगी-हिरव्या जोड्यांतून चित्र येतं, त्यांच्यातूनच लाइट जाते. म्हणजे यांचा नळ-गॅसवाला प्रश्न जसाच्या तसा उभा. मी त्यांना संगम माहुलीला घेऊन गेले नाही, पण नेऊन दाखवण्यासारखं होतं. कृष्णेत दोन होड्या शेजारी-शेजारी आहेत असं धरा. एका होडीतला माणूस दुसरीतल्याच्या तुलनेत थोडा वर, थोडा खाली होऊन खूण करतोय. पलीकडे वाचतात तो फक्त दोघांमधला फरक. आता नदीला पाणी चढलं. दोन्ही होड्या सारख्याच वर आल्या. खुणेत काही बदललं का? नाही. जोडीच्या दोन्ही तारा मिळून ४८ व्होल्ट वर उचललेल्या असतात, आणि बोलणं चालतं त्या दोघींच्या आपसातल्या फरकावर. दुसरी जोडी ते पाणी परत आणते. टोकाशी एक छोटं रोहित्र असतं, ते मधोमध हात घालून लाइट काढून घेतं आणि बोलणं पुढे जाऊ देतं. "म्हणजे पूर आला तरी गप्पा चालू," हे म्हणाले. बरोबर.

पण मला या सगळ्यात राहून राहून आठवत होती ती मनीऑर्डर. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. महिन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन यायचा, उंबऱ्यावर बसायचा, आईसमोर नोटा मोजायचा, आणि त्याच फॉर्मची खालची चिठ्ठी फाडून तिच्या हातात द्यायचा. त्या चिठ्ठीवर बोटभर जागा मजकुराला. वडिलांचं अक्षर मोठं, त्यामुळे दोन ओळींत सगळं आवरायचं. खुशाल आहे, थोरलीला शाळेत पाठवणे. थोरली म्हणजे मी. पैसे वेगळे आणि पत्र वेगळं असं आमच्याकडे नव्हतंच. घर चालायचं ते आणि घराला सांगायचं ते, एकाच कागदावरून यायचं. नोटा आठवड्यात संपायच्या. चिठ्ठ्या आईने तांदळाच्या डब्यात ठेवल्या होत्या, त्यांना शेवटपर्यंत तांदळाचा वास होता.

मनीऑर्डरला कमिशन पडायचं. शेवटी शेवटी २० रुपयांमागे १ रुपया. वायरसुद्धा कमिशन घेते, आणि ते नियमाने ठरवून दिलेलं आहे. पोईचं पहिलं प्रमाण आयट्रिपलई या संस्थेने २००३मध्ये ठरवलं, त्यात लिहिलंय: देणाऱ्याने १५.४ वॉट द्यावे, घेणाऱ्याने १२.९५ वॉटच्या वर मागू नये. हा १२.९५ काय आकडा? १३ म्हटलं असतं तर कोण भांडायला येणार होतं? मी परत कॅलेंडर उलटं केलं. जास्तीत जास्त १०० मीटर वायर, तिचा रोध धरलाय २० ओहम, धारा ०.३५ अँपिअर. ०.३५चा वर्ग गुणिले २०. उत्तर २.४५. पंधरा पूर्णांक चार वजा दोन पूर्णांक पंचेचाळीस! पैशापैशाचा हिशोब लागला तेव्हा यांना बँकेत 'टॅली झालं' म्हणताना जो चेहरा यायचा, तो त्या दिवशी माझा झाला. वाटखर्च आधीच बाजूला काढून उरलेलं सांगणारी माणसं मला आवडतात.

पुढे २००९मध्ये देणाऱ्याची ताकद ३० वॉट झाली, २०१८मध्ये ९०. माझा दहावीचा अभ्यास ६० वॉटच्या पिवळ्या बल्बखाली झाला. आता त्या अभ्यासाला वायरीतली लाइट पुरून उरेल.

हे सगळं नवीन आहे असं पोराला वाटतं. त्याचा जन्मच बहुधा २००३ नंतरचा. आमच्याकडे १९९०च्या सुमारास काळा फोन आला, त्याला कुठे प्लग होता? दोन तारा भिंतीतून यायच्या, त्यांतूनच आवाज आणि त्यांतूनच त्याचं खाणं. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांच्या रांगा असत, आणि दाब तिथेही ४८च व्होल्ट. भारनियमनात आख्खं गाव अंधारात बुडालं, मोटरी थांबल्या, पंखे थांबले, तरी फोन उचलला की कानात तो गुंऽऽऽ आवाज असायचाच. मी कधी कधी अंधारात उगाच उचलून ऐकायचे. मग बिनतारी रिसीव्हरचा फोन आला, त्याला अडॅप्टर लागला, आणि लाइटबरोबर फोनही जायला लागला. कंपन्यांमध्ये संगणकाच्या तारेवर चालणारे फोन आले, तेव्हा नेमकी हीच अडचण झाली: टेबलावरच्या फोनला प्लग शोधायची कोणालाच सवय नव्हती. सिस्को कंपनीने २००० साली आपल्या फोनसाठी तारेतून लाइट द्यायला सुरुवात केली ती त्यामुळे. ही रीत काळ्या फोनने चालवलेली; मधल्या काळात आपणच ती मोडली होती.

आणि अजून अर्धी मोडलेलीच आहे. आमच्या घरात रस्त्यावरून इंटरनेट येतं ते काचेच्या तंतूतून. काच प्रकाश आणते, लाइट आणत नाही. केसाएवढ्या त्या तंतूतून सिनेमेच्या सिनेमे येतील, पण तंतू ज्या डब्यात संपतो त्याचं पोट मात्र घरच्या अडॅप्टरनेच भरायचं. वरच्या मजल्यावर बसवलेल्या वायफायच्या चकतीचीही तीच कथा. बिनतारी म्हणून आणली, तिला पोईची तार लागली. म्हणून काचेचा डबा, राऊटर आणि स्विच असे तिघे एका लहान यूपीएसवर ठेवले आहेत. आमचं घर आता स्वतःच एक एक्स्चेंज झालंय.

परवा वळवाचा पाऊस झाला आणि लाइट गेली. सगळी आळी काळोखात. मी अंगणात आले तर फाटकाच्या खांबावर कॅमेऱ्याचे लालसर ठिपके मंद दिसत होते. रातांधळेपणा गेला आहे. दोन मिनिटांत पुण्याहून फोन. "आई, काळोखात विहिरीजवळ कशाला फिरतेस?" मी वर कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. "आणि फाटकाशी ते काय ठेवलंय मोठं?"

ते यांनी ठेवलं. पोई म्हटल्यावर यांच्या डोक्यातून रांजण काही गेला नाही. पेरूखाली वाळूवर बसवलाय, वर ओलं फडकं, शेजारी माळ्यावरचं पितळी ओगराळं चिंचेने घासून. कॅमेरा बरोब्बर त्याच्यावरच येतो. दुपारी जेवण झालं की हे टीव्हीवर फाटक लावून बसतात. शाळेतून परतणारी पोरं येतात, सायकल टेकवतात, एक ओंजळ करतो, दुसरा ओततो, मान हलली की थांबतो. आज अकरा जण प्यायले, आज सतरा, असं हे मला स्वयंपाकघरात येऊन सांगतात.

पाणी रोज मी भरते.